दुसऱ्या पेशाची किंमत

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या सरोवरकाठच्या लहान गावातून तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या त्याच्या कर्त्यांनी खेळाडूपुढे अवघे तीन पेशे ठेवले होते: लढवय्या, मांत्रिक आणि पुरोहित. चोराची भर पुढच्या वर्षी पडली. आज या पेशांची, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडी असलेल्या 'क्लास'ची, संख्या मुख्य ग्रंथातच बारा झाली आहे, आणि आपल्याकडेही शहरांतील अनेक घरांतून सुटीच्या दिवशी महाविद्यालयीन मुलेमुली, तसेच त्यांच्याइतक्याच उत्साहाने नोकरदार मंडळी, टेबलाभोवती बसून हा खेळ खेळताना दिसतात. वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांस हे फासे टाकण्याचे एक नवे निमित्त वाटते. वस्तुतः एक जण सूत्रधार होऊन जग उभे करतो, बाकीचे एकेका पात्राची जबाबदारी घेतात, जेथे यशाची खात्री नसेल तेथे वीस बाजूंचा फासा निर्णय देतो, आणि या सर्वांच्या बोलण्यातून एक कथा महिनोन्महिने वाढत जाते, असा हा सामुदायिक कथनाचा प्रकार आहे. पात्र पराक्रम करील तसतसे ते पहिल्या पायरीपासून विसाव्या पायरीपर्यंत चढत जाते, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या पेशानुरूप त्यास नवे सामर्थ्य प्राप्त होते.

लढवय्या म्हणून चार पायऱ्या चढून आलेल्या पात्रास पाचवी पायरी मांत्रिकाची घेता येते, सहावी पुन्हा लढवय्याची घेता येते, आणि इच्छा झाल्यास सातवी चोराची. या तरतुदीस मल्टिक्लास म्हणतात, आणि तिच्याविषयी दोन शब्द लिहिण्याचे कारण असे की, हल्ली पात्र जन्मास येण्यापूर्वीच त्याच्या वीसही पायऱ्यांचा आराखडा कागदावर पक्का करून आणण्याची प्रथा फार बळावली आहे. अमुक पेशाच्या दोन पायऱ्या, तमुक पेशाची एक, उरलेल्या तिसऱ्याच्या, असा हा 'बिल्ड' एकदा ठरला म्हणजे कथेत कोण मेले, कोण भेटले, कोणते नगर जळाले याचा त्या कागदाशी सुतराम संबंध राहत नाही. दुसरीकडे काही सूत्रधार या प्रथेला इतके कंटाळले आहेत की, त्यांनी आपल्या टेबलावर दुसऱ्या पेशास सरसकट मनाई केली आहे. मला या दोन्ही गोष्टी अमान्य आहेत. दुसरा पेशा ही या खेळातील एक अत्यंत मौल्यवान तरतूद आहे, ती मोडीत काढू नये. परंतु ती किंमत देऊन घ्यावयाची वस्तू आहे, आणि ती किंमत कथेत, सर्वांच्या समक्ष, चुकती झाली पाहिजे.

ही किंमत खेळाच्या नियमांत कशी पालटत गेली हे पाहणे उद्बोधक आहे. १९७४ च्या पुस्तिकांत एल्फ या दीर्घायुषी वंशातील पात्रास लढवय्या आणि मांत्रिक या दोन पेशांची मुभा होती. एका मोहिमेत त्याने तलवार घ्यावी, दुसरीत मंत्र, मात्र एकाच मोहिमेच्या मध्यावर पालट करू नये, असा दंडक होता. पुढे १९७८ साली गायगॅक्सने 'प्लेयर्स हँडबुक' हा विस्तृत ग्रंथ लिहिला आणि त्यात दोन स्वतंत्र मार्ग आखून दिले. मानवेतर वंशांतील पात्रांनी आरंभापासूनच दोन किंवा तीन पेशे एकत्र चालवावे, परंतु मिळालेला अनुभव त्या पेशांत समभागाने वाटला जावा, आणि बहुतेक पेशांत त्यांच्या प्रगतीस कायमची कमाल मर्यादा असावी, असा पहिला मार्ग होता. त्यानुसार लढवय्या एल्फ कितीही बलवान असला तरी सातव्या पायरीपलीकडे जाऊ शकत नसे.

मनुष्याचा मार्ग निराळा, आणि माझ्या मते फार अर्थपूर्ण होता. मनुष्याने जुना पेशा सोडूनच नवा घ्यावयाचा, आणि तोही जुन्या पेशाचा मुख्य गुण किमान पंधरा व नव्याचा किमान सतरा असेल तरच. हे गुण तीनपासून अठरापर्यंत मोजले जातात हे ध्यानात घेतले म्हणजे ही अट किती कठोर होती हे समजेल. नव्या पेशात तो पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राही. जुनी विद्या तो विसरलेला नसे. पण नव्या पेशातली त्याची पायरी जुन्या पायरीच्या वर जाईपर्यंत, एखाद्या संकटात सापडून त्याने जुने सामर्थ्य वापरले, की त्या मोहिमेतला त्याचा सारा अनुभव बुडाला.

हे कलम वाचताना रामायणाच्या बालकांडातील विश्वामित्र डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. वसिष्ठाच्या ब्रह्मतेजापुढे सैन्यासह हतबल झालेला हा राजा राज्य टाकून तपास बसतो, वर्षानुवर्षे पुण्य साठवतो, आणि रंभा तपोभंगास आली असता क्रोधाच्या भरात तिला शाप देतो; त्या एका क्षणात संचित तप खर्ची पडते आणि त्यास पुन्हा आरंभापासून बैठक मांडावी लागते. कोपणे आणि शासन करणे हे राजाच्या पेशाचे सामर्थ्य होय. ते हाताशी होते, ते उपयोगी पडले, आणि नेमके त्यामुळेच ऋषीच्या पेशातली जमा शून्यावर आली. गायगॅक्सने ही कथा वाचली होती की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. माणूस नवी विद्या शिकू लागला म्हणजे त्याची खरी लढत त्याच्या जुन्या कौशल्याशी असते, हे आदिकवीने पाहिलेले सत्य एका खेळकर्त्याने हिशेबाच्या कलमात बसवून दाखविले, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

त्याच ग्रंथाच्या परिशिष्टातील बार्ड या गायक-योद्ध्याची वाट तर याहून लांब होती. आधी निदान पाचव्या पायरीपर्यंत लढवय्या, मग काही काळ चोर, आणि चोराच्या पेशातही निदान पाच पायऱ्या झाल्यावर, ड्रुइड या वनपुरोहितांच्या हाताखाली बार्डपणाचा आरंभ. शिवाय बळ, चापल्य, विवेक आणि व्यक्तिप्रभाव हे चारही गुण पंधरा किंवा त्याहून अधिक. फाशांच्या कृपेवर अवलंबून असलेला असा बार्ड क्वचितच कोणाच्या वाट्यास येई. पण जो येई, त्याच्या गाण्यात काय असेल हे कोणास सांगावे लागत नसे, कारण त्याची सारी उमेदवारी टेबलावरच्या मंडळींनी स्वतः पाहिलेली असे.

१९९७ साली मूळ प्रकाशनसंस्था टीएसआर ही विझर्ड्स ऑफ द कोस्ट या संस्थेच्या ताब्यात गेली, आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही बंधने सैल केली. प्रत्येक नव्या पायरीवर हवा तो पेशा निवडावा, पेशांच्या पायऱ्यांत फार तफावत पडल्यास अनुभवातून वीस टक्के कपात सोसावी, एवढाच दंड उरला. वंशावरून घातलेल्या मर्यादा उठल्या हे उत्तमच झाले. जन्मावरून कोणाचा पेशा ठरावा हे कल्पित जगातही आपणांस रुचू नये. परंतु त्याच दाराने चार-पाच पेशांतून एकेक दोन-दोन पायऱ्या वेचणारे, कोणत्याही विद्येत न मुरलेले पात्रही आत आले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने ही मोकळीक पुष्कळशी आखडती घेतली. तिचा विस्तार येथे नको.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मल्टिक्लासचा नियम ऐच्छिक ठरवून तो सूत्रधाराच्या संमतीवर सोपविला. वरकरणी पाहता येथे कसलाच दंड नाही: दोन्ही पेशांचे मुख्य गुण तेरा असले म्हणजे झाले. पण किंमत गेली नाही, ती आकड्यांच्या आड जाऊन बसली. चौथ्या पायरीवरचा एक लढवय्या घ्यावा, ज्याची बुद्धी नेमकी तेरा आहे. पाचवी पायरी त्याने आपल्याच पेशात घेतली तर एका वाराऐवजी दोन वार करण्याचे सामर्थ्य त्यास मिळते, आणि लढवय्याच्या आयुष्यात याहून मोठा दिवस क्वचितच येतो. ती पायरी त्याने मांत्रिकाची घेतली, तर दुसरा वार लांबणीवर पडतो. बदल्यात तीन किरकोळ मंत्र आणि पोथीत पहिल्या प्रतीचे सहा मंत्र येतात. पण दर दिवशी त्यांपैकी दोनच सिद्ध करून ठेवता येतात, कारण बुद्धी बेताची. त्याचा मंत्र परतविण्यास शत्रूला बारा हा आकडा पुरतो, तर अठरा बुद्धीच्या त्याच्या सोबती मांत्रिकाचा मंत्र परतविण्यास पंधरा लागतात; आणि तो सोबती याच पाचव्या पायरीवर आठ फाशांचा अग्निगोल फेकू लागलेला असतो. आपल्या लढवय्याने यापुढे केवळ मांत्रिकाच्याच पायऱ्या घेतल्या तरी तो अग्निगोल त्याच्या हाती एकूण नवव्या पायरीवर येणार.

जाणता खेळाडू हे सारे ओळखून असतो, म्हणून तो शत्रूच्या फाशावर विसंबणारे मंत्र घेतच नाही. 'शील्ड' घेतो, ज्याने आयत्या वेळी वार झेलण्याची ताकद पाच आकड्यांनी वाढते, किंवा टेहळणीस उपयोगी पडणारा लहानसा पक्षी बोलावण्याचा मंत्र घेतो. क्रमही तो पाहतो: आरंभ लढवय्या म्हणून केला तर जड चिलखताची सनद मिळते, आरंभ मांत्रिक म्हणून करून मागाहून लढवय्या झाले तर ती मिळत नाही. ही आकडेमोड मला मुळीच तुच्छ वाटत नाही. कोणत्याही कारागिरास आपल्या हत्यारांचे वजन ठाऊक असावे, तसे खेळाडूस हे ठाऊक असावे. माझी तक्रार एवढीच, की हा सारा हिशेब बहुधा घरी, एकांतात, कथा सुरू होण्यापूर्वीच मिटलेला असतो.

माझ्या सूत्रधारीखाली चाललेल्या एका दीर्घ कथेतील प्रसंग सांगतो. एका महाविद्यालयीन मुलीचे पात्र सीमेवरच्या ठाण्यातील नाईक होते, जुजबी लिहितावाचता येणारे, बोलण्यात रोखठोक. तिच्या तुकडीतला मांत्रिक एका जळत्या पुलावर मारला गेला. त्याच्या खेळाडूने दुसरे पात्र घेतले आणि कथा पुढे गेली, पण त्या नाईक स्त्रीने मृताची पोथी आपल्या पडशीत ठेवली. बैठकीमागून बैठक ती मुक्कामाला पोथी उघडून बसे आणि फक्त आकृत्या पाही. दुसऱ्याच्या लिपीतील मंत्र उलगडून आपल्या पोथीत उतरवून घेण्यास मंत्राच्या प्रत्येक प्रतीमागे दोन तास आणि पन्नास सुवर्णनाणी लागतात असा नियम आहे. हे कळल्यावर तिने आपला घोडा विकला. मग पाचवी पायरी आली. समोर किल्ल्याच्या दरवाजाची लढाई उभी होती आणि साऱ्या टेबलाचे लक्ष तिच्या दुसऱ्या वाराकडे लागले होते. तिने सांगितले, "मी मांत्रिकाची पायरी घेते आहे." शेजारचा मुलगा कळवळून म्हणाला, "अगं, निदान ही लढाई होऊ दे, मग घे!" ती म्हणाली, "ह्या लढाईत मी मेले तर ती पोथी कोण वाचणार?"

त्या लढाईत तो एक वार खरोखरच कमी पडला. दरवाजा सोडून माघार घ्यावी लागली, आतले लोक शत्रूच्या हाती सापडले, आणि पुढील कित्येक महिने आमची कथा त्यांच्या सुटकेभोवती फिरत राहिली. कोणी तिला दोष दिला नाही. नियमांच्या दृष्टीने पाहता तिची निवड सदोष होती, आणि मी स्वतः तिचा सल्लागार असतो तर तिला थांबण्यास सांगितले असते. परंतु त्या दिवसापासून तिने उच्चारलेला प्रत्येक क्षुद्र मंत्र टेबलावरील माणसे श्वास रोखून ऐकत, कारण त्याची किंमत त्यांनीही भरली होती.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण आज सर्वत्र आढळते. पॅलाडिन हा शपथबद्ध धर्मवीर. त्याचे मंत्रबळ व्यक्तिप्रभावावर चालते आणि तलवार बळावर, त्यामुळे त्यास दोन्ही गुण वाढवावे लागतात. २०१७ साली निघालेल्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या पुरवणी ग्रंथात वॉरलॉक, म्हणजे कोणा अमानवी शक्तीशी करार करून विद्या मिळविणारा मांत्रिक, याचा हेक्सब्लेड नावाचा एक पोटभेद आला, आणि त्यात पहिल्याच पायरीवर व्यक्तिप्रभावाच्या जोरावर शस्त्र चालविण्याची सवलत होती. झाले, धर्मवीरांनी ती एक पायरी उचलण्याचा प्रघातच पडला. हिशेब अचूक आहे, एका गुणात दोन कामे होतात. पण धर्मापुढे हात जोडून शपथ घेतलेला माणूस अंधारातल्या एका अनाम शक्तीशी करार करतो, ही घटना केवढी भयंकर आणि केवढी नाट्यमय आहे! शपथ आणि करार यांत विरोध आला तर तो कोणास जुमानील? त्या शक्तीने त्याला का निवडले? मोबदल्यात काय लिहून घेतले? बहुतेक टेबलांवर यांतला एकही प्रश्न विचारला जात नाही. करारनामा झाला, लाभ उचलला गेला, आणि धनको वसुलीस कधीच आला नाही. येथे मी खेळाडूपेक्षा सूत्रधारास अधिक जबाबदार धरतो. धनकोची भूमिका त्याचीच होती, आणि ती त्याने सोडून दिली.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, नियमाने दिलेले सामर्थ्य वापरण्यास कथेची परवानगी कशाला हवी. आठवडाभर कचेरीत राबलेल्या माणसाला चार तासांची फुरसत मिळते, त्यात जुळवाजुळव करून एखादे बलाढ्य पात्र उभे करण्याचा निर्मळ आनंद तो घेत असेल, तर त्याच्या मागे दाखल्यांचा तगादा का लावावा? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातील आनंद मी जाणतो. परंतु त्या चार तासांत टेबलावर आणखी चार माणसे बसलेली असतात, आणि त्यांचीही फुरसत तितकीच मोलाची असते. ज्याचे पुढील सर्व निर्णय घरीच झाले आहेत, त्याच्यावर या सोबत्यांच्या कृतीचा काही परिणाम होण्याची शक्यता उरत नाही. ते त्याच्याशी बोलतात, पण त्यास बदलू शकत नाहीत. आराखडा जरूर असावा. तो कथेच्या आघाताने मोडू द्यावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

२०२३ साली लॅरियन या बेल्जियन संस्थेने काढलेल्या 'बाल्डर्स गेट ३' या संगणकीय खेळाने पाचव्या आवृत्तीचे नियम कितीतरी नव्या तरुणांपर्यंत पोचविले, आणि मल्टिक्लासची ओळख त्यांना तेथेच झाली. तेथे तेरा गुणांची अट नाही, आणि विदर्स नावाच्या एका मृतवत पात्रास शंभर सुवर्णनाणी दिली म्हणजे आजवर चढलेल्या सर्व पायऱ्या पुसून नव्याने मांडता येतात. यंत्रासमोर एकट्याने बसून खेळणाऱ्यास ही सोय योग्यच आहे, कारण तेथे त्याच्या भूतकाळाला दुसरा साक्षीदार नसतो. टेबलावर मात्र साक्षीदार असतात, आणि तेथे येणाऱ्या नवख्यास हा भेद कोणीतरी ममतेने समजावून दिला पाहिजे.

आणि सरसकट बंदी घालणाऱ्या सूत्रधारांस माझी विनंती अशी की, त्यांनी फ्रिट्झ लायबर याच्या कथांकडे वळून पाहावे. गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथास आपल्या स्फूर्तिस्थानांची जी यादी जोडली, तीत लायबरचे नाव आहे. १९३९ पासून छापल्या गेलेल्या त्याच्या कथांतील ग्रे माउसर हा या खेळातल्या चोराच्या पूर्वजांपैकी एक. तो आरंभी एका साध्याभोळ्या मांत्रिकाचा शिष्य होता, गुरूची हत्या झाली, आणि त्यानंतर तो तलवारीच्या व चोरीच्या मार्गास लागला. त्याच्या पेशांतरास एक मृत्यू कारण आहे, एक सूड कारण आहे. ज्या टेबलावर दुसऱ्या पेशास मज्जाव आहे तेथे या मूळपुरुषासही जागा मिळणार नाही.

सूत्रधाराच्या अंगावर येणारे काम मी कमी लेखीत नाही. खेळाडूने इच्छा बोलून दाखविली की गुरू, पोथी, मठ किंवा प्रसंग यांपैकी काहीतरी त्याच्या वाटेवर आणून ठेवणे, दोन मोहिमांच्या मध्ये शिक्षणास मुदत देणे, आणि अतिमानवी शक्तीशी करार झाला असेल तर ठरल्या वेळी वसुलीस येणे, हे सर्व त्याने करावयाचे आहे. एकाच संध्याकाळी संपणाऱ्या कथेस यातले काही लागू नाही. तेथे तयार पात्रे घेऊन खुशाल बसावे.

२०२३ च्या जानेवारीत पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांची संहिता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली झाली, आणि मल्टिक्लासचे प्रकरण तीत समाविष्ट आहे. योग्य तो नामनिर्देश करून ते मराठीत आणण्यास कोणासही आडकाठी नाही, आणि हे काम कोणीतरी लवकर हाती घ्यावे अशी माझी फार इच्छा आहे. जो कोणी ते करील त्याने पात्राच्या कागदाचा मराठी नमुनाही तयार करावा, पेशा आणि पायरी यांच्या शेजारी 'कोणाकडून' असा एक रकाना आखावा, आणि तो रिकामा असेल तोवर सूत्रधाराने दुसऱ्या पेशाच्या पहिल्या पायरीस मंजुरी देऊ नये.